आमवात आणि फुप्फुसांची तपासणी: जाण्याआधी काय तयारी करावी

आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, सांध्यांपुरता थांबत नाही. काहींच्या फुप्फुसांना आतून सूज येते आणि ती घट्ट होत जातात, काहींच्या श्वासनलिका रुंदावतात, काहींच्या छातीत पाणी होतं. गुडघे दुखतात म्हणून आपण जिना टाळतो, आणि जिनाच चढला नाही तर दम लागतोय हे कळणार कसं? म्हणून तयारी आठवडाभर आधी घरातच सुरू करा. अंघोळ करताना, केस विंचरताना, भाजीची पिशवी आणताना थांबावं लागलं तर ते लिहून ठेवा. दुखलं म्हणून थांबलात की दम लागला म्हणून, हे वेगवेगळं लिहा. डॉक्टरांना या एका फरकावरून फार कळतं. कोरडी ढास कधीपासून आहे, तेही लिहा.

फाइलमध्ये आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमवाताच्या रक्तचाचण्यांचे रिपोर्ट, जुने एक्स-रे आणि सीटी ठेवाच, पण हिमोग्लोबिनचा ताजा रिपोर्ट विसरू नका. डीएलसीओ चाचणीत फुप्फुसांतून रक्तात वायू किती उतरतो ते मोजतात. रक्त कमी असेल तर फुप्फुसं ठीक असूनही आकडा खाली येतो, आणि आमवातात रक्त कमी असणं नेहमीचंच. आमवातावरचं मेथोट्रेक्सेट हे औषध कधीपासून, कोणत्या वारी, किती गोळ्या, हे लिहून न्या. पूर्वी टीबी झाला असेल तर तो, विडी-सिगारेट, चुलीचा धूर, खिडकीतली कबुतरं, काहीही लपवू नका. नुकतंच डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर तारीख घेण्याआधीच कळवा. इनहेलर असेल तर तो किती तास बंद ठेवायचा ते डॉक्टरांना विचारा. आमवाताची औषधं मात्र मनाने थांबवू नका.

फीनो, म्हणजे श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजणारी चाचणी, सांगितली असेल तर आदल्या दिवसापासून पालक आणि बीट टाळा. त्यांनी आकडा वाढतो. धूम्रपानाने तो कमी दिसतो. ही चाचणी जोरात फुंकायच्या स्पायरोमेट्रीच्या आधी करून घ्या, कारण जोराने फुंकल्यावरही आकडा थोडा वेळ उतरतो. मोठ्यांमध्ये २५ पीपीबीच्या (हवेच्या अब्ज भागांत इतके भाग) खाली कमी, ५० च्या वर जास्त धरतात. पण हा आकडा दम्यासारख्या सुजेबद्दल सांगतो. तो चांगला आला म्हणून आमवाताने फुप्फुसांना धक्का लावलेला नाही, असं मुळीच समजू नका. त्यासाठी डीएलसीओ आणि एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन, लागते.

सकाळी पोट गच्च भरून जाऊ नका, कपडे सैल घाला. नेलपॉलिश काढा, हात गरम ठेवा, नाहीतर बोटाला लावलेला ऑक्सिमीटर चुकतो. जबडा आखडत असेल किंवा तोंड कोरडं पडत असेल तर तंत्रज्ञांना आधी सांगा; फुंकायच्या नळीभोवती ओठ नीट मिटले नाहीत तर हवा निसटते आणि सगळी मेहनत वाया जाते. सीटीच्या टेबलावर हात डोक्यामागे नेऊन उताणं झोपावं लागतं. खांदा किंवा मान आखडलेली असेल तर उशी मागून घ्या, संकोच नको.

आणि तारीख पुढची असली तरी, ताप, नवी कोरडी ढास आणि अचानक वाढलेला दम दिसला तर वाट पाहू नका. मेथोट्रेक्सेटची पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.