छोटी कॅनॉपी घेताय? ओपनिंगच्या या चुका टाळा

स्कायडायव्हिंगचं लायसन्स हातात पडलं की महिन्याभरात पोरांचा ठरलेला प्रश्न, "दादा, सेकंडहँड 150 स्वस्तात मिळतेय, घेऊन टाकू का?" 150 म्हणजे 150 स्क्वेअर फुटांची कॅनॉपी, म्हणजे पॅराशूट. आणि मग पुढची सगळी चर्चा लँडिंगची. स्पीड किती येईल, फ्लेअर (उतरताना ब्रेक ओढून वेग मारणं) कधी मारायचा, स्वूप (जमिनीलगत वेगात घसटत उतरणं) कधी शिकता येईल. अरे पण लँडिंगला पोचायच्या आधी ती नीट उघडायला नको का? साइज बदलली की सगळ्यात आधी ओपनिंग बदलतं. मी इथे टेक्सासमध्ये वीकेंडला उड्या मारतो आणि पैशासाठी पॅकिंगही करतो, त्यामुळे वर कोणी काय दिवे लावले ते खाली लाइन्स (कॅनॉपीच्या दोऱ्या) बघून मला बरोबर कळतं.

आधी हिशोब, कारण निम्मे लोक तिथेच गंडतात. विंग लोडिंग म्हणजे एक्झिट वेट पाउंडात, भागिले कॅनॉपीचे स्क्वेअर फूट. एक्झिट वेट म्हणजे तुम्ही, कपडे, हेल्मेट, पूर्ण रिग (हार्नेस, पाठीवरचा कंटेनर आणि त्यातली दोन्ही पॅराशूट), सगळं मिळून. 82 किलोचा माणूस आणि 12 किलोचं गिअर धरलं तर 94 किलो, म्हणजे साधारण 207 पाउंड. 210 वर 0.99, 190 वर 1.09, 170 वर 1.22 आणि 150 वर थेट 1.38. आपला गडी मात्र बाथरूमच्या काट्यावरचे 82 किलोच धरतो आणि म्हणतो 1.2 येतंय, चालतंय की. नाही चालत. नवीन ए लायसन्सवाल्याने (हे पहिल्या पातळीचं लायसन्स) 1.0 च्या पुढे जाऊच नये, आणि त्यानंतरही शंभर जंपमागे 0.1 वाढवायचं असा एक ढोबळ हिशोब आहे, तो मला तरी पटतो.

आता माझी सगळ्यात नावडती चूक, लाइन ट्विस्ट म्हणजे उघडताना लाइन्सना पडणारा पीळ हलक्यात घेणं. "लाइन ट्विस्ट ना, मला आलेत आधी, पाय मारले की सुटतात." सुटतात, 210 वर सुटतात. मोठ्या कॅनॉपीवर लोडिंग कमी असतं, ब्रेक स्टो (थोडे ओढून अडकवलेले) असतात, ती आपली सरळ निवांत उडत राहते आणि तुम्ही खाली झोपाळ्याच्या पिळलेल्या दोऱ्या उलगडाव्या तसे उलगडता. छोट्या कॅनॉपीच्या लाइन्स आखूड, वर लोडिंग जास्त, त्यात सेमी-इलिप्टिकल (कडांना निमुळती) असेल तर बघायलाच नको. ओपनिंगला एक खांदा खाली राहिला किंवा हार्नेसमध्ये वजन एका बाजूला गेलं तरी ती वळते, वळली की डाइव्ह मारते, तुम्ही बाहेर फेकले जाता आणि त्या ताणाने पीळ आणखी आवळला जातो. मग मारा पाय.

आमच्याकडे नाशिकचा एक पोरगा होता, हुशार, हात चांगला, पण घाई फार. रेंटलच्या 210 वरून सरळ 150 वर गेला, मधलं 190, 170 काही नाही. त्याच्या हेल्मेट कॅमेऱ्याचा व्हिडिओ मी पाहिलाय. पायलट च्यूट (मुख्य कॅनॉपी बाहेर खेचणारं छोटं पॅराशूट) टाकताना डावा खांदा पडलेला, कॅनॉपी उघडता उघडताच अर्धी वळली आणि पीळ पार रायझरपर्यंत (लाइन्स हार्नेसला जोडणारे पट्टे) उतरला. रायझर मानेमागे असे आवळले की हनुवटी छातीला टेकली, त्याला मान वर करून कॅनॉपी दिसेचना. फ्रेममध्ये नुसती जमीन गरगरतेय आणि हा सायकल मारावी तसे पाय मारतोय, एकदाही मनगटावरच्या अल्टीमीटरकडे बघत नाही. कटअवे केला, म्हणजे मुख्य कॅनॉपी सोडून दिली, तेव्हा दीड हजार फूट उरले होते. ए लायसन्सवाल्यांसाठी डिसिजन अल्टिट्यूड (कटअवे करायचा की नाही हे ठरवायची उंची) 2,500 फूट आहे, म्हणजे हा निर्णय त्याने हजार फूट उशिरा घेतला. रिझर्व्ह (राखीव पॅराशूट) उघडलं, ज्वारीच्या शेतात उतरला, मेन (मुख्य कॅनॉपी) दुसऱ्या दिवशी सापडली, फ्रीबॅग (रिझर्व्हची सुटून जाणारी पिशवी) काही सापडली नाही. वर मला म्हणतो, "दादा, पॅकिंगमध्ये काहीतरी झालं असेल." पॅक त्यानेच केली होती!

माझी सवय सांगतो. ट्विस्ट दिसले की पहिली नजर अल्टीमीटरवर, मग कॅनॉपी सरळ उडतेय की फिरतेय ते बघायचं. सरळ असेल तर रायझर फाकवा, उलटे पाय मारा, आणि पीळ सुटेपर्यंत ब्रेकला हात लावू नका. फिरत असेल आणि स्पीड वाढत असेल तर एक-दोन झटके, नाही जमलं तर कटअवेचं हँडल ओढा. 3,000 फुटांऐवजी 4,000 ला उघडा, वरचा हजार फूट फुकट मिळतो. नवीन साइजची पहिली उडी असेल तर 5,000 ला, पण पायलटला आणि मॅनिफेस्टला (उड्यांची यादी लावणाऱ्यांना) सांगून, आणि विमानातून सगळ्यात शेवटी बाहेर पडून.

हलक्या वजनाच्या लोकांचा वेगळाच गैरसमज. 50 किलोची मुलगी गिअरसकट साधारण 135 पाउंड होते, 150 वर 0.9, कागदावर एकदम सेफ. पण लाइन्सची लांबी लोडिंग बघून बदलत नाही. 210 वर 0.9 आणि 150 वर 0.9 या दोन वेगळ्या कॅनॉपी आहेत, छोटी तेवढ्याच लोडिंगला जास्त चपळ वळते आणि ओपनिंगला जास्त भटकते.

"मोठी कॅनॉपी सॉफ्ट उघडते, छोटी हार्ड" हेही विसरा. पहिली सेबर ही कॅनॉपी हार्ड ओपनिंगसाठी किती बदनाम होती ते जुन्या लोकांना विचारा. झटका ठरतो डिझाइनवर, तुमच्या स्पीडवर आणि स्लायडरवर (लाइन्सवरून सरकत खाली येऊन ओपनिंग हळू करणारा कापडी तुकडा). स्लायडर चारही स्टॉपला टेकवून पॅक करा, हेड-डाउन (डोकं खाली करून पडणं) किंवा ट्रॅकमधून (आडवं वेगात सरकणं) आलात तर स्पीड कमी करून मगच पायलट च्यूट थ्रो करा.

दुसरी चूक जिच्यामुळे माझं डोकं फिरतं ती म्हणजे 190 च्या कंटेनरमध्ये 150 कोंबणं. कोंबणं तरी कुठलं, ती आत खुळखुळते. कापड कमी झालं, फ्लॅप सैल पडले, क्लोजिंग लूप (पिन अडकवून कंटेनर बंद ठेवणारा दोरीचा फास) मात्र जुनाच लांब. पिन बोटाने सहज सरकते आणि दारातून बाहेर पडताना कुठे घासली की कंटेनर नको तेव्हा उघडतो. हेड-डाउनमध्ये ताशी अडीचशे किलोमीटरच्या स्पीडला असं उघडलं तर मान आणि कॅनॉपी दोन्ही जातात. कॅनॉपी बदलली की मी नवीन लूप करतोच, पिन लावताना गुडघा टेकवावा लागेल इतका आखूड. लूपचा एक जरी धागा उसवलेला दिसला तर कचऱ्यात. आणि उलटी हौसही नको, छोट्या कंटेनरमध्ये मोठी ठासली तर कॅनॉपीची बॅग बाहेर यायलाच तयार नसते.

पॅक करताना लाइन्स अडकवायचे रबर बँड लाइन्सच्या जाडीप्रमाणे घ्या, बारीक लाइन्सना जाड ढिले बँड लावले तर लाइन डंप होऊन (लाइन्स एकदम सुटून) फटका बसतो. स्पेक्ट्रा लाइन्स स्लायडरच्या घर्षणाने आखडतात, ओपनिंग सारखं एकाच बाजूला वळत असेल तर आधी ट्रिम (लाइन्सच्या लांब्या) मोजून घ्या. पायलट च्यूट कॉक करा, म्हणजे पॅक करताना आतली दोरी ओढून ते फुगेल असं तयार ठेवा. हे अजून सांगावं लागतं.

स्कायडायव्हर शीतल महाजनांचा 2018 चा पट्टायातला नऊवारीतला व्हिडिओ दाखवून "बघा, त्या साडीत करतात" असं मला ऐकवणारेही आहेत. बाळांनो, त्या 2004 पासून उड्या मारत होत्या.

राहता राहिलं रिझर्व्ह. 150 चा रिग घेताना त्यातलं रिझर्व्हही छोटं असतं हे कोणी बघतच नाही. 207 पाउंड 126 च्या खाली म्हणजे 1.64, आणि एएडीने (ठरलेल्या उंचीला रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र) उघडलं तर तुम्ही कदाचित शुद्धीवरही नसाल, फ्लेअर कोण मारणार? रिझर्व्हच्या लेबलवर जास्तीत जास्त वजन छापलेलं असतं. पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्याकडून त्याचा फोटो मागवा, टाळाटाळ करत असेल तर तो रिग सोडून द्या.