जुनी बोल्ट रायफल झाडण्याआधी: गेज सर्वांत शेवटी

चवथ उरकली, पाऊस ओसरू लागला, की म्हापशातल्या आमच्या दुरुस्तीच्या बाकावर जुन्या रायफली यायला लागतात. कुणाची आजोबांच्या नावावरून आलेली, कुणाची शेतीरक्षणाच्या परवान्यावरची, कुणी निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली सोडवून आणलेली. आणणारा बहुधा एकच विचारतो, "काका, हेडस्पेस बघता का?" बघतो की. हेडस्पेस म्हणजे रायफल बंद केल्यावर आत काडतुसाला मिळणारी जागा, आणि गेज म्हणजे ती तपासायचं ठरीव मापाचं अवजार. फौजेत ईएमईचा (सैन्याच्या दुरुस्ती दलाचा) आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो, उभं आयुष्य त्यातच गेलं. पण गेज मी सगळ्यात शेवटी हातात घेतो. त्याच्या आधीची कामं नीट केली तर निम्म्या रायफली गेजपर्यंत पोचतच नाहीत.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५: दुरुस्ती, चाचणी, प्रूफ (जादा दाबाची परीक्षा) ही कामं परवान्याशिवाय करायची नाहीत. घरी तुम्ही बघायचं, पुसायचं, शंका आली की थांबायचं. गेज, कानस, सुटे भाग बदलणं हे परवानाधारक कारागिराकडे. .३०३, म्हणजे जुन्या ब्रिटिश फौजी ली-एनफील्डचं काडतूस, आपल्याकडे निषिद्ध बोअर, ती सामान्य माणसाच्या परवान्यावर येत नाही. तरी खाली आकडे तिचेच देतोय, कारण मापं तिची चोख ठरलेली आहेत आणि आपल्याकडे सर्रास दिसणारी इशापूरची .३१५ ही त्याच ली ॲक्शनवर (बोल्ट-यंत्रणेवर) बांधलेली.

सुरुवात रिकामी करण्यापासून. मझल (नळीचं तोंड) सुरक्षित दिशेला, मॅगझीन बाहेर, बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) मागे. डोळ्यांनी बघा आणि मग करंगळी चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागेत) घाला. अंधाऱ्या खोलीत डोळा फसतो, बोट फसत नाही. मग बोल्ट काढून घ्या. माउजरला डाव्या बाजूचा बोल्ट-स्टॉप बाहेर ओढला की बोल्ट हातात येतो. ली-एनफील्डच्या घराण्यात बोल्ट पूर्ण मागे घेऊन बोल्ट हेड वर उचलावं लागतं. अडला तर ठोकाठोकी नको.

आता ही रायफल नक्की कुठल्या काडतुसाची आहे? हा प्रश्न बालिश वाटतो, पण बाकावरची सगळ्यात धोकादायक चूक इथेच सापडते. पोर्तुगीज सैन्याचंच उदाहरण घ्या. १९०४ साली त्यांनी ६.५ मिमीची माउजर-व्हर्गेरो घेतली, १९३७ मध्ये ७.९२ मिमीची माउजर आली, आणि मग जुन्यांतल्या काही रायफली नव्या काडतुसासाठी बदलून घेतल्या. म्हणजे एकाच नमुन्याची, एकाच रूपाची रायफल दोन वेगळ्या काडतुसांची असू शकते. ८ मिमी माउजरमध्येही जुन्या नळीची गोळी .३१८ इंचाची आणि नंतरची .३२३ ची. जाड गोळी अरुंद नळीत रेटली की दाब कुठल्या कुठे जातो. म्हणून म्यानावर लिहिलेलं, परवान्यावर लिहिलेलं, वडील सांगायचे ते, यातलं काहीच पुरावा धरू नका. नळीवरचे छाप वाचा. ब्रिटनमध्ये नागरी विक्रीसाठी प्रूफ झालेल्या .३०३ वर "२.२२२ इंच, १८.५ टन" असं कोरलेलं दिसतं, पहिला आकडा पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) लांबीचा, दुसरा दाबाचा. छाप पुसट असतील तर कारागिराकडून चेंबरचा साचा काढून घ्या. सेरोसेफ नावाचा मिश्रधातू ९० अंशांच्या आतच वितळतो, तो चेंबरात ओतून थंड झाल्यावर मोजतात.

आणि 'डीपी' असा छाप दिसला तर विषयच संपला. ती कवायतीची रायफल. एनसीसीत मुलांच्या खांद्यावर असते ती. तिचा स्ट्रायकर (काडतुसाच्या बुडावर आदळणारी पिन) कापलेला असू शकतो, चेंबरला भोक पाडलेलं असू शकतं. स्ट्रायकर बदलून "चालू" करणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांच्या शेजारी उभं राहू नये.

आता गंज. गोव्यात मला सर्वात जास्त बोलायचंय ते यावरच. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीला ओल असते, कपाटातल्या चपला पांढऱ्या पडतात, किनाऱ्याकडे तर हवेतच मीठ. वरून तेल पुसलेली रायफल चकचकीत दिसते आणि लाकडाच्या आत, नळीच्या पोटाला, खोलवर खड्डे पडलेले असतात. दस्त्याचं लाकूड ओल धरून ठेवतं. कातडी म्यान त्याहून वाईट. कमावलेल्या कातड्यातलं रसायन आणि ओल मिळून एका पावसाळ्यात लोखंड खातात. म्हणून जुनी रायफल आली की पुढचं लाकूड उतरवल्याशिवाय मी मत देत नाही. वरवरचा तांबूसपणा पुसला जातो. नखाला लागेल असा खड्डा चेंबरच्या वरच्या भागात असेल, तर ती रायफल भिंतीवर शोभेल.

चेंबरमधला गंज आणखी एक खेळ करतो. गंजाची पापुद्री, वाळलेलं जुनं ग्रीस, पितळेचा बारीक कीस, यातलं काही गेजच्या आड आलं की बोल्ट बंद होत नाही. नो-गो गेजवर (अंतर फार वाढलं नाही ना ते बघणाऱ्या) बोल्ट बंद न होणं म्हणजे पास. म्हणजे मळलेली, सैल रायफल घट्ट असल्याचं सोंग आणते. आधी स्पिरिट, मग पुल-थ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) कोरडी चिंदी, चेंबरला वेगळा ब्रश, आणि चिंदी पांढरी येईपर्यंत थांबायचं नाही. बोल्टचं तोंड आणि लग (बोल्टला जागेवर अडकवून धरणारे खुंट) बसतात त्या खाचासुद्धा तशाच.

मग भेगा. आमचा फौजी उपाय साधा आहे. बोल्टचे लग, हँडलचं मूळ, रिसीव्हरची (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याची) कडी, सगळं रॉकेलने ओलं करा, थोडा वेळ जाऊ द्या, कोरडं पुसा आणि वर खडूची बारीक भुकटी चोळा. भेग असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर केसाएवढी काळी रेघ उमटते. लगच्या मुळाशी अशी रेघ दिसली की बोल्ट बाद, त्यावर चर्चा नाही.

बोल्टवरचा क्रमांक रिसीव्हरशी जुळतो का ते बघा. ली-एनफील्डला तो बोल्ट हँडलच्या मागे असतो. जुळत नसेल तर बोल्ट कुठल्या तरी दुसऱ्या रायफलीचा आहे. लगेच बाद नाही, पण मग लगवर प्रशियन ब्लूचा पातळ हात देऊन बोल्ट बंद-उघड करायचा आणि रंग कुठे पुसला जातो ते पाहायचं. ली-एनफील्डमध्ये डाव्या लगने आणि उजवीकडच्या लांब रिबने सारखा भार घ्यायला हवा. एकच बाजू घासली गेली तर दर गोळीला सगळा दणका तिच्यावर. माउजर ९८ ला पुढचे दोन लग टेकले पाहिजेत. मागचा तिसरा लग अडीअडचणीसाठी आहे, तोच टेकलेला दिसला तर पुढे खाचा दबल्या आहेत.

इतकं सगळं सुरळीत निघालं, तर आता हेडस्पेस. बंद बोल्टच्या तोंडापासून काडतूस चेंबरात जिथे अडतं तिथपर्यंतचं अंतर ते हे. .३०३, .३१५ अशा कड असलेल्या काडतुसात ते कडेच्या जाडीवर ठरतं, ८ मिमी माउजर किंवा .३०-०६ मध्ये काडतुसाच्या खांद्यावर. अंतर जास्त असेल तर काडतूस आत कडी लावूनही वाऱ्याने वाजणाऱ्या दारासारखं हलतं. पिन त्याला पुढे ढकलते, बुडातली ठिणगीची कॅप पेटते, पुंगळीचा पुढचा पातळ भाग दाबाने चेंबरला चिकटून बसतो आणि बूड मागे बोल्टवर आदळतं. मधलं पितळ ताणलं जातं, बुडाच्या जरासं पुढे. ताण जास्त झाला की तिथे पुंगळी फाटते आणि गरम वायू बोल्टच्या वाटेने तुमच्या तोंडाकडे येतो.

.३०३ ची मापं अशी: गो (किमान माप) ०.०६४ इंच, नो-गो ०.०६७, फील्ड (शेवटची मर्यादा) ०.०७०. ब्रिटिश लष्करी मर्यादा त्याहून सैल, ०.०७४. लष्कराचं गणित वेगळं होतं. चिखल लागलेलं काडतूसही आत गेलं पाहिजे, आणि रिकामी पुंगळी परत कुणी वापरणार नाही. म्हणून त्या चेंबरचा खांदाही मुळातच ऐसपैस. मी ०.०७० च्या पुढे कुणाला होकार देत नाही.

गेज लावताना एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारा हूक) काढून ठेवा. माउजरमध्ये गेज चेंबरात टाकून वर बोल्ट रेटू नका. एक्स्ट्रॅक्टरचा हूक गेजच्या कडेवर चढत नाही, आणि चढवायला गेलं तर मोडतो. माउजरचा स्ट्रायकरही सुटा करावा. ली ॲक्शन बंद होताना कॉक होते, स्प्रिंगच्या जोराने हाताला खरं काय ते कळत नाही, आणि तिचा स्ट्रायकर काढायला खास अवजार लागतं. हेच एक कारण पुरे आहे कारागिराकडे जायला. बोल्ट दोन बोटांनी, हँडलच्या वजनानेच जाईल इतकाच दाबायचा. गो गेजवर बोल्ट पूर्ण बंद झाला पाहिजे. नो-गोवर हँडल अर्ध्यातच थांबलं पाहिजे. नो-गोवर बंद झाला आणि फील्डवर थांबला, तर झीज झालीय, पुढे बोलू. फील्डवरही बंद झाला तर रायफल परत म्यानात.

गेज काडतुसाप्रमाणे वेगळं. .३०३ चं गेज .३१५ ला चालत नाही. इशापूरच्या २ए आणि २ए१ या दिसायला ली-एनफील्ड, पण ७.६२ नाटोच्या; त्यांचं गो १.६३५ इंच, तर जवळजवळ तसंच दिसणाऱ्या .३०८ चं १.६३०. आणि बुडाला सेलोटेप चिकटवून हेडस्पेस मोजायची युक्ती मोबाइलवर फिरते. टेप दबतो, काडतुसाची कड प्रत्येकाची वेगळी, आणि मुख्य म्हणजे चाचणी जिवंत काडतुसाने होते. नको.

ली-एनफील्ड नंबर ४ ला झीज भरून काढायची सोय होती. बोल्ट हेड ० ते ३ अशा क्रमांकाची, प्रत्येक पुढचं साधारण ०.००३ इंचाने लांब. पण ३ क्रमांकाचं हेड बसलेलं असूनही नो-गोवर बोल्ट बंद होत असेल, तर दोष हेडचा नाही, ॲक्शनच थकलीय. जुन्या एसएमएलईला (ली-एनफील्डच्या आधीच्या नमुन्याला) क्रमांक नसतात, हेड निवडून बसवावं लागतं.

गेज पास झालं म्हणजे झाडायचा परवाना मिळाला असं नाही. अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड १९०३ मध्ये ८,००,००० खालच्या क्रमांकाचे स्प्रिंगफील्ड आर्मरीचे रिसीव्हर उष्णता देण्यात बिघडले होते, ठिसूळ. गेजला ते दिसत नाही.

पहिली गोळी परवानगीच्या रेंजवरच, आणि खांद्यावरून नाही. रायफल वाळूच्या पिशव्यांत बांधून, लांब दोरीने, सगळे आडोशाला. चष्मा आणि कान झाकणं सगळ्यांना. काडतूस नव्या कारखानी पेटीतलं. आजोबांच्या डब्यातली हिरवी पडलेली काडतुसं पोलिसांकडे जमा करा. घोडा पडला आणि आवाज नाही आला तर मझल निशाणाकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. आवाज फुसका आला तर थांबा, गोळी नळीत अडकलेली असू शकते, दुसरी मागून घालू नका.

चेंबर आणि काडतूस कोरडं असलं पाहिजे, हे पावसात विशेष. तेलकट किंवा ओल्या चेंबरात पुंगळी भिंतीला पकडत नाही, सगळा जोर बोल्टवर येतो. मागे लग असलेल्या ली ॲक्शनला ते अजिबात मानवत नाही.

झाडलेली पुंगळी फेकू नका. गेजपेक्षा तीच जास्त बोलते. बुडाच्या वर बोटभर जागेत चकाकती कडी दिसतेय का बघा. मग पेपरक्लिप सरळ करा, तिचं टोक काटकोनात वळवून टोकदार करा, पुंगळीच्या तोंडातून आत घाला आणि बुडाकडून वर भिंतीला घासत आणा. निरोगी पुंगळीत टोक गुळगुळीत सरकतं. ताणलेल्या पुंगळीत एका जागी खाचेत अडखळतं. बाहेर काही दिसत नसलं तरी आत पितळ तिथे पातळ झालेलं असतं, आणि पुढची कधीतरी तिथेच तुटून मागचा तुकडा हातात येईल. कॅप बाहेर आलेली, कडेला काळपट झालेली, बोल्ट उचलायला जड, यातलं काहीही दिसलं की दुसरी गोळी नाही.

जुनं फौजी काडतूस वाजवलं असेल तर त्याच दिवशी नळीतून उकळतं पाणी ओता. जुन्या कॅपमधलं क्लोरेट जळून मीठ होतं, ते तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. ब्रिटिश आर्मररकडे यासाठी खास नरसाळं असायचं. घरचं नरसाळंही चालेल. मग कोरडी चिंदी, मग तेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढरी चिंदी ओढा. तांबूस आली तर पाणी परत ओता.