लिफ्ट आणि डमी ॲक्सल: डिझेल खाणाऱ्या या चुका टाळा

गाडीचं ॲव्हरेज पडलं की आपण आधी ड्रायव्हरकडे बघतो, मग पंपाकडे, मग नोझलकडे. डमी (इंजिनचा जोर न मिळणारा, नुसता ओढला जाणारा मागचा ॲक्सल) आणि लिफ्ट (गरज नसताना चाकांसह वर उचलता येणारा ॲक्सल) यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. हाउसिंग, म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरणारा मागचा ॲक्सल, बिघडलं तर घरघर ऐकू येते, पुढचा ॲक्सल बिघडला तर स्टिअरिंग ओढतं. डमी मात्र मुकाट मागे फरफटत येतो. त्याला ओढायला किती जोर लागतोय, हे केबिनमध्ये बसून कळत नाही.

माझ्या एका बारा चाकीचं भरलेल्या गाडीचं ॲव्हरेज साडेचारवरून चारवर आलं. दोन महिने मी ड्रायव्हरशी वाद घातला. मग एका दुपारी गाडी यार्डात येऊन थांबली, तशी मी एकेका हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) हाताची मागची बाजू नेऊन पाहिली. सगळे हब कोमट होते. डमीच्या डाव्या हबजवळ मात्र हात धरवेना. ब्रेक दाबणारा कॅम शाफ्ट ग्रीसअभावी जाम झाला होता आणि पेडलवरून पाय काढला तरी ब्रेकचा लायनर चाकाचा ड्रम सोडत नव्हता. म्हणजे सगळ्या वाटेवर इंजिन स्वतःच्याच ब्रेकशी झुंजत होतं. त्या ड्रायव्हरची मी माफी मागितली. तेव्हापासून लांबची खेप आली की हब तपासल्याशिवाय हिशोबाला बसत नाही. हबला थेट हात लावू नका, भाजतं. तापमान मोजायची गन मिळाली तर उत्तम. एकाच ॲक्सलच्या दोन बाजूंत मोठा फरक दिसला, तर गरम बाजू उघडायची.

खाली (रिकामी) गाडी, तरी लिफ्ट जमिनीवर

ही चूक सगळ्यांना माहीत आहे, पण लिफ्ट उचलून नेमकं काय वाचतं हे नीट कळलेलं नसतं. लिफ्ट उचलली म्हणून गाडीचं वजन कमी होत नाही. ते उरलेल्या चाकांवर जातं, त्यामुळे टायरच्या लोळण्याला होणारा विरोध बराचसा तेवढाच राहतो. वाचतं ते त्या चाकांच्या बेअरिंग-सीलचं घर्षण आणि वळणावर टायर आडवे घासतात तो जोर. शिवाय दोन टायरांची झीज वाचते, आणि खाली गाडीच्या हाउसिंगवर वजन आल्यानं चिखलात, चढावर चाकं जागच्या जागी फिरत नाहीत. त्यामुळे खाली गाडीत लिफ्ट वरच हवी. पण नुसती लिफ्ट उचलून अर्ध्या किलोमीटरचा फरक पडेल, ही आशा धरू नका. एवढी घट असेल तर कारण दुसरीकडे आहे.

भरलेल्या गाडीत लिफ्ट वर

घाटात पकड मिळावी किंवा टायर वाचावेत म्हणून काही जण भरलेली गाडी लिफ्ट उचलून चालवतात. हे अजिबात करू नका. २०१८ च्या नियमांनुसार दोन टायरांच्या ॲक्सलवर साडेसात टन चालतात. तेवढा भार उचलला की तो पुढच्या ॲक्सलवर आणि मागच्या हाउसिंग-डमीच्या जोडीवर पडतो. त्या जोडीची मर्यादा २१ टन आहे आणि भरलेल्या गाडीत ती आधीच गाठलेली असते. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), बेअरिंग, टायर, ब्रेक सगळ्यांवर ताण येतो. घाटाच्या उतारावर लिफ्टच्या चाकांचे ब्रेक हवेत असतात, त्यांचा काही उपयोग होत नाही. वाचवलेलं डिझेल अशा वेळी कुणाच्या जिवावर बेतू शकतं.

अलाइनमेंट फक्त पुढची

माझ्या मते सर्वांत महाग चूक हीच. पुढच्या चाकांचं अलाइनमेंट आपण नियमानं करतो आणि मागचे ॲक्सल सरळच असतील असं धरून चालतो. ॲक्सल जागेवर धरणाऱ्या टॉर्क रॉडची बुश झिजली किंवा पाट्यांना ॲक्सल आवळणारे यू बोल्ट ढिले पडले की ॲक्सल तिरका बसतो. टेप घ्या आणि हाउसिंगच्या हबच्या मध्यापासून डमीच्या हबच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. समजा फरक १० मिलिमीटर निघाला. दोन हबमधलं आडवं अंतर ढोबळ मानानं दोन मीटर धरलं, तर ते टायर दर किलोमीटरला ५ मीटर आडवे ओढले जातात. पुणे ते नागपूर सुमारे ७०० किलोमीटर आहे. तेवढ्या एका खेपेत साडेतीन किलोमीटर नुसतं घासणं! त्याचं डिझेल कोण भरतं? टायरवर हात फिरवून पाहा. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं धार लागत असेल, तर टेप काढायची वेळ झाली आहे.

गोटा (झिजून गुळगुळीत झालेला) टायर डमीला

‘डमीलाच तर लावायचाय’ म्हणत आपण जुने, बेजोड टायर मागे टाकतो. जोडीत एक टायर लहान आणि एक मोठा असला की दोन्ही एकाच वेगानं फिरतात, पण त्यांचा घेर वेगळा असतो. मग एक जण सतत घसरत राहतो. आतल्या टायरची हवा तर महिनोन् महिने कुणी तपासत नाही. व्हॉल्व्हचं एक्स्टेन्शन बसवून घ्या, गेज लावायला सोपं जातं.

लिफ्ट उचलणाऱ्या बेलोमधून (हवेच्या रबरी फुग्यातून) हवा गळत असेल, तर कॉम्प्रेसरला सारखं काम करावं लागतं. त्यालाही डिझेलच लागतं. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे दिसतात.

लिफ्टची एक सोय आपण वापरतच नाही. गाडी सपाट जागी उभी करा, बाकीच्या चाकांना ओट (अडसर) लावा, लिफ्ट उचला आणि ॲक्सलखाली स्टँड द्या. नुसत्या हवेच्या भरवशावर खाली कधीही जाऊ नका. आता चाक हातानं फिरवा. मोकळं फिरलं तर ठीक. खर्रर्र आवाज आला तर बेअरिंग, जड लागलं तर ब्रेक. वर-खाली हलवून खेळ जाणवला तर हब उघडा. जॅक न लावता होणारी ही तपासणी आहे. टायरची हवा बघायच्या दिवशीच ती उरकून घ्या आणि कुठल्या बाजूचं चाक जड लागलं ते गाडीच्या वहीत लिहून ठेवा.