वसंतातील भाजीपाला लागवड: वाफशापासून पुनर्लागवडीपर्यंत

थंडी ओसरली की लागवडीची घाई होते. पण जमीन वाफशावर, म्हणजे मशागतीला योग्य इतक्याच ओलीवर, आल्याखेरीज तिच्यात अवजार घालू नये. वीतभर खोलीवरची मूठभर माती दाबून पाहावी. गोळा बोटाच्या हलक्या दाबाने फुटला तर मशागत करावी, चिकट राहिला तर थांबावे, कारण ओली माती तुडवली गेली की ती घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही.

वाटाणा व पालक यांचे बी ५ ते ७ अंश सेल्सिअस तापमानाच्या मातीतही, सावकाश का होईना, उगवते; टोमॅटो, मिरची, काकडी यांना मात्र माती किमान १५-१६ अंश तापलेली लागते.

आच्छादनाखाली वाढलेली रोपे थेट शेतात लावू नयेत. ७ ते १० दिवस ती रोज थोडा अधिक वेळ ऊन-वाऱ्यात ठेवावीत व पाणी किंचित कमी करावे. घरच्याच माणसांवर चालणाऱ्या शेतात हे काम सहज टाळले जाते, पण माझ्या मते तेच सर्वांत मोलाचे आहे. पुनर्लागवड सायंकाळी करून लगेच पाणी द्यावे. टोमॅटोच्या खोडालाही मुळे फुटतात, म्हणून ते थोडे खोल लावावे. रात्री कडाक्याची थंडी पडण्याची शक्यता असल्यास रोपांवर हलके कापड पसरावे व सकाळी काढावे.