कडेला बसणारं लेकरू खेळात कसं आणायचं: क्रीडा मंडळ चालवणाऱ्यांसाठी

पहिलं काम म्हणजे एक दिवस शिट्टी दुसऱ्याच्या हातात द्या अन् नुसतं बघा. जे लेकरू सगळ्यात मागं रेंगाळतंय, बुटाची नाडी सारखी सारखी बांधतंय, पाणी प्यायला तिसऱ्यांदा जायलंय, त्याच्यावर नजर ठेवा आणि मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजा की तासाभरात ते खरंच किती मिनिटं हललं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते ५ ते १७ वयाच्या लेकरांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल पाहिजे. आपल्याकडं तासभर येऊन त्यातला बराच वेळ बसूनच जात असेल, तर मग फी कशाची घेतो आपण?

त्यात लेकराचा दोष कमी आणि आपल्या खेळांचा जास्त. लंगडी घ्या, डॉजबॉल घ्या, जो आउट झाला तो बाहेर, आणि पहिला आउट कोण होणार हे सगळ्या मैदानाला आधीच माहीत असतंय. म्हणजे ज्याला हलायची जास्त गरज तोच जास्त वेळ बसून. खो-खोत तर पळणाऱ्यांची तिघांची तुकडी आत आणि बाकीचे बाहेर टाळ्या वाजवत. स्पर्धेच्या टीमला हे ठीक आहे, नव्या बॅचला नाही.

म्हणून नियम बदला, आणि बदललेला नियम सगळ्यांना लावा, फक्त त्या एकाला नाही. लहानपणी आपण बारक्याला कच्चं लिंबू करून खेळात घ्यायचो, ते पाच वर्षाच्याला चालतंय, सातवीतल्या पोराला तसं केलं तर तो उद्यापासून येत नाही. लंगडीत असं करून बघा: आउट झालेल्यानं रेषेबाहेर जायचं, दोरीवरच्या दहा उड्या मारायच्या आणि लगेच परत आत. लंगडी घालणाऱ्याला मधे पाय बदलायची मुभा द्या, चौकोन लहान करा, वीस जणांचा एक डाव लावण्यापेक्षा पाच-पाचचे चार डाव लावा. लगोरीचंही तसंच, एकाच ढिगाऱ्याभोवती पंधरा जण उभे राहिले की बॉल चारच जणांकडं फिरतो, म्हणून ढिगारे वाढवा, फरशीचे तुकडे गावात कमी आहेत का. आणि साखळी तर या कामाला एक नंबर, पकडला गेलेला बाहेर जातच नाही, उलट साखळीत येऊन पळत राहतो.

भिडू वाटायची पद्धत तेवढी आजच बंद करा. दोन कॅप्टन एकेकाला निवडतात आणि शेवटी एकजण उरतो, मग ‘घे रे तूच त्याला’. जन्मतारखेच्या सम-विषमवर टीम पाडा, काहीही करा, पण ते नको. ‘ढोल्या’, ‘म्हशी’ ही नावं पण नकोत, अन् सगळ्यात आधी सरांच्या तोंडून नकोत. सगळ्यांसमोर वजन करायचं नाही. शिक्षा म्हणून राउंड मारायला लावायचे नाहीत, पळणं म्हणजे शिक्षा असं डोक्यात बसलं की ते निघत नाही.

अजून एक सापळा सांगतो. जाड पोराला गुण लिहायला बसवणं, किट सांभाळायला देणं. आपल्याला वाटतं सामावून घेतलं, खरं तर खुर्चीवर बसवलं! गुण लिहायचेच तर पाळीपाळीनं सगळे लिहितील. त्यापेक्षा कबड्डीत त्याला पकड शिकवा, वजन तिथं कामाला येतंय.

दम हळूहळू वाढवायचा. पहिला महिना कडुनिंबाच्या झाडापर्यंत पळत आणि परत चालत, एवढं बस्स. पळताना शेजारच्याशी दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत, नाही आली तर वेग जास्त झाला. प्रत्येकाची वही ठेवा, जागेवरून लांब उडी किती गेली, दोरीवर किती झाल्या, आणि तुलना फक्त त्याच्याच मागच्या आकड्याशी. वह्या भिंतीवर लावायच्या नाहीत. दम्याचा पंप लागत असेल किंवा कुठला आजार असेल तर घरच्यांना आधीच विचारून ठेवा, पंप खिशात पाहिजे, घरी नाही.

आणि ऊन. आपल्याकडं मार्चपासूनच तापायलंय, एप्रिल-मेमधे परभणी-नांदेडकडं पारा चाळीसच्या वर सहज जातो, अन् ज्याला सवय नाही, अंगानं जाड आहे, त्याला उन्हाचा त्रास लवकर होतो. सकाळी आठच्या आत आटपा नाहीतर ऊन कललं की घ्या. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाण्याची सुट्टी सगळ्यांना, मागायची वाट बघू नका. डोकं दुखायलंय, मळमळतंय, चक्कर आली म्हटलं की सावलीत घ्या, ओल्या कपड्यानं पुसा, पाणी द्या. बडबडायला लागलं किंवा उत्तरच देईना तर वाट बघू नका, सरळ दवाखाना.

मुलींचं वेगळं बघावं लागतं, शॉर्टच पाहिजे असा हट्ट नको, सलवार-लेगिंगवर खेळू द्या, संडासाची सोय आणि दाराला कडी आहे का तपासा, आणि अंधार पडायच्या आत घरी पोचतील अशी वेळ ठेवा, नाहीतर दहावीच्या आधीच नाव कटतं. लातूर-नांदेडात तर क्लासेसमुळं पोरं सकाळी सहाला दप्तर घेऊन निघतात, तिथं रोज दीड तास मागितला तर आईबाप नाहीच म्हणणार. आठवड्यात दोन दिवस, अर्धा तास, एवढंच मागा. बूट-ड्रेसची सक्ती पहिले तीन महिने नाही.

दोन दिवस लेकरू आलं नाही तर फोन करा, पण ‘का आला नाहीस’ विचारू नका. ‘शनिवारी साखळी खेळणारोत, एक भिडू कमी पडायलाय, येतोस का’ असं म्हणा. आणि शनिवारी खरंच साखळी लावा.