सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही: इंजेक्टर विकत घेण्याआधी रिटर्न मोजा

कॉमन रेल डिझेल पिकअपचा सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. किंवा गाडी थंड असताना लगेच सुरू होते आणि गरम इंजिन बंद करून पुन्हा चावी फिरवली की दहा-दहा सेकंद सेल्फ मारावा लागतो. यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे ‘सगळे इंजेक्टर बदला’, आणि त्याखालोखाल ‘हाय प्रेशर पंप गेला’. न मोजता दिलेले हे दोन्ही सल्ले घेऊ नका. रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक जाड नळीत, दाब बनत नाही याची कारणं तीनच: डिझेल पंपापर्यंत येत नाही, पंप दाब देत नाही, किंवा दिलेला दाब कुठून तरी गळतो. गळती शोधायची पद्धत साधी आहे, मात्र ती चुकीची केली तर चांगला भाग फेकला जातो आणि खराब तसाच राहतो.

आधी उरकायचं

सेल्फ मारताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी. फिल्टरमधलं पाणी काढा, फिल्टर जुना असेल तर बदला. फिल्टर ते पंप या नळीत पारदर्शक तुकडा जोडून बुडबुडे दिसतात का बघा. दिसले तर आधी हवा कुठून शिरते ते शोधा.

ऑइलची पट्टी बघा. पातळी वर चढली असेल आणि वास डिझेलचा येत असेल तर सेल्फ मारणं तिथेच थांबवा. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं आणि काही हजारांचा बिघाड पूर्ण इंजिनावर जातो. ज्या इंजिनांत इंजेक्टर व्हॉल्व्ह कव्हरच्या आत बसतात तिथे गळलेलं डिझेल सरळ ऑइल चेंबरमध्ये उतरतं. जनरल मोटर्सच्या २००१ ते २००४ च्या पिकअपमधलं ड्युरामॅक्स एलबी७ हे डिझेल इंजिन त्याचं ठळक उदाहरण. त्याचे इंजेक्टर इतके गेले की जनरल मोटर्सला त्यांची वॉरंटी ७ वर्षं किंवा २ लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली.

जुन्या फिल्टरमधलं डिझेल पांढऱ्या भांड्यात ओता आणि उजेडात हलवा. चंदेरी चमक दिसली तर पुढचं काहीही करू नका. पंप आतून झिजतोय आणि प्रत्येक सेल्फबरोबर तो कीस इंजेक्टरमध्ये जातोय. चुंबकावर भरवसा ठेवू नका, पंपाच्या अ‍ॅल्युमिनियमचा कीस त्याला चिकटत नाही. बॉशच्या सीपी४ या हाय प्रेशर पंपाचा हा बिघाड प्रसिद्ध आहे: कॅमवर फिरणारा रोलर तिरका होतो, कॅम खरवडला जातो आणि सगळी इंधन यंत्रणा धातूने भरते. ६.७ लिटर कमिन्स इंजिन असलेल्या २०१९ आणि २०२० च्या रॅम पिकअपना हाच पंप होता, आणि त्यांच्यासाठी २०२१ मध्ये रिकॉल जाहीर झाला. अशा वेळी फक्त पंप बदलणं म्हणजे नवा पंप वाया घालवणं. इंजेक्टर, रेल, हाय प्रेशर पाइप बदलावे लागतात, टाकी आणि नळ्या धुवाव्या लागतात.

स्कॅनर लावून रेल प्रेशर बघा

सेल्फ मारताना प्रत्यक्ष दाब वाचा. बहुतेक इंजिनांत तो साधारण २०० ते ३०० बार झाल्याशिवाय ईसीयू (इंजिनाचा कंट्रोल कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडतच नाही. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. दाब पुरेसा असूनही इंजिन पकडत नसेल तर दोष क्रँक किंवा कॅम सेन्सर, कॉम्प्रेशन, इमोबिलायझर (चोरीविरोधी लॉक) यांच्यात शोधा. दाब कमी असेल तरच पुढे वाचा.

रिटर्न मोजणं

प्रत्येक इंजेक्टर काम करताना थोडं डिझेल टाकीकडे परत पाठवतो, तेवढं अपेक्षितच आहे. आतला छोटा कंट्रोल व्हॉल्व्ह पाण्याने किंवा कचऱ्याने झिजला की हे प्रमाण वाढतं आणि पंपाने बनवलेला दाब तिथून निसटतो. डिझेल गरम झालं की पातळ होतं आणि गळती आणखी वाढते. गरम इंजिनालाच सेल्फ लांबण्याचं कारण हे. म्हणून थंड इंजिनावर घेतलेलं माप कामाचं नाही. इंजिन सुरू होत असेल तर कुलंट ८० अंशांवर आल्यावरच मोजा.

इंजेक्टरच्या डोक्याभोवतीची धूळ आधी हवा मारून काढा. रिटर्नच्या प्लॅस्टिक क्लिप पक्कडीने ओढू नका, तुटतात. लॉक दाबून सरळ वर काढा. प्रत्येक इंजेक्टरला एकाच मापाची, सारख्या लांबीची पारदर्शक नळी लावा आणि प्रत्येकीला खुणा असलेली स्वतंत्र बाटली. मोकळ्या झालेल्या मूळ रिटर्न नळीची सगळी तोंडं बंद करायला विसरू नका. पुष्कळ गाड्यांत पंपाचा रिटर्नही त्याच नळीत येतो. तोंड उघडं राहिलं तर तिथून डिझेल उडतं आणि निर्दोष इंजेक्टरवर ठपका बसतो. तोंडं बंद केल्यावर पंपाच्या रिटर्नला टाकीकडे वाट मोकळी आहे याचीही खात्री करा.

इंजिन सुरू होत असेल तर एक मिनिट चालवून नळ्या भरू द्या, बाटल्या रिकाम्या करा आणि मग मोजा. पहिलं माप नेहमी टाकून द्या, त्यात नळीतली हवा असते. दोन मिनिटं आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता), एक मिनिट साधारण २,००० आरपीएमवर, आणि सगळ्यात वेगाने भरणारी बाटली काठाला आली की लगेच बंद. तीन बाटल्यांत २५ ते ३० मिलिलिटर आणि चौथीत ९० असेल तर चौथा इंजेक्टर दोषी. कंपनीची मर्यादा हाताशी असेल तर तीच अंतिम धरा. नसेल तर सर्वांत कमी मापाच्या तिपटीवर गेलेला इंजेक्टर बाहेर काढण्याजोगा.

इंजिन सुरूच होत नसेल तर चावी बंद करून इंजेक्टरचे वायर कनेक्टर काढा आणि दहा सेकंद सेल्फ मारा. दोन मिनिटं थांबा, असं तीनदा करा. न थांबता मारत राहिलात तर सेल्फ मोटर जळेल. इंजेक्टरला विजेचा इशाराच मिळत नसल्याने चांगल्या इंजेक्टरची बाटली जवळपास कोरडी राहते. जी भरते तिथे गळती. कनेक्टर काढल्याने येणारे एरर कोड नंतर स्कॅनरने पुसून टाका.

चारही बाटल्या कोरड्या आणि तरी दाब कमी? मग रेलच्या टोकावरचा, जादा दाब सोडणारा प्रेशर लिमिट व्हॉल्व्ह बघा. त्याची रिटर्न नळी सुटी करून सेल्फ मारा. थेंबही यायला नको. तिथून डिझेल येत असेल तर पंपाला हात लावायचं कारण नाही. तोही कोरडा असेल तरच पंप आणि त्यावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा) संशयित.

काही इंजिनांत रिटर्न हेडच्या आतून जातो आणि बाहेरून वेगळा मोजता येत नाही. कमिन्सचं ६.७ लिटर असंच आहे. तिथे रेलवर एकेका इंजेक्टरचं तोंड खास टोपीने बंद करून सेल्फ मारतात. जे बंद केल्यावर दाब वर जातो तो सिलिंडर गळतो. टोपी हाय प्रेशरसाठी बनवलेलीच हवी, घरी वॉशर लावून केलेला बोल्ट चालणार नाही. या इंजिनात इंजेक्टरला डिझेल देणारी कनेक्टर ट्यूब नीट बसलेली नसली तरी लक्षण तेच दिसतं, त्यामुळे इंजेक्टर फेकण्याआधी ती ट्यूब काढून तिचं टोक तपासा आणि टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या क्रमाने पुन्हा आवळा.

पिएझो इंजेक्टर (विजेच्या कॉइलऐवजी पिएझो स्फटिकाने उघडणारे) असतील तर ही बाटल्यांची चाचणी करूच नका. बॉशच्या पिएझो इंजेक्टरला रिटर्नच्या बाजूला सुमारे १० बार दाब लागतो. नळी उघडली की चांगला इंजेक्टरही काम सोडतो.

आणखी एक चुकीचा निष्कर्ष नेहमी काढला जातो: सगळ्या बाटल्या सारख्या भरल्या म्हणजे इंजेक्टर उत्तम. ही चाचणी आतला व्हॉल्व्ह तपासते, नोझलचं टोक नाही. टोकातून थेंब गळणारा इंजेक्टर इथे पास होतो आणि पुढे पिस्टनला भोक पाडतो. आयडलला ठोका, पांढरा धूर, स्कॅनरवर एकाच सिलिंडरचा बॅलन्स रेट (ईसीयू त्या सिलिंडरला कमी-जास्त करून देत असलेलं डिझेल) मर्यादेबाहेर गेलेला, यातलं काही असेल तर इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर द्याच.

चालू इंजिनावर पाइपचा नट ढिला करून सिलिंडर तपासायची सवय जुन्या मेकॅनिकल पंपाबरोबर संपली पाहिजे. कॉमन रेलमध्ये आयडललाही सुमारे ३०० बार दाब असतो. ढिल्या नटातून निसटणारी डिझेलची धार कातडीतून आत जाते, जखम टाचणीएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, आणि काही तासांत उपचार झाले नाहीत तर बोट किंवा हात जाऊ शकतो. असं झालं तर मलमपट्टी करत बसू नका, ताबडतोब शस्त्रक्रिया होईल अशा रुग्णालयात जा. ग्लो प्लग किंवा ग्रिड हीटर (थंड इंजिन सुरू करायला आत गरम होणारे भाग) असलेल्या इंजिनात ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारण्यालाही माझा ठाम नकार आहे. तो वेळेआधी पेटतो आणि मॅनिफोल्ड किंवा पिस्टन फोडतो.

परत बसवणं

तांब्याचा वॉशर नवा, बसायची जागा कार्बन काढून स्वच्छ, क्लॅम्पचा बोल्ट टॉर्क रेंचने, नव्या इंजेक्टरवर छापलेला कोड ईसीयूत भरलेला. हाय प्रेशर पाइप पुन्हा वापरायला कंपनीची मनाई असेल तर नवाच घ्या. फीड पंपाने (टाकीतून डिझेल पुढे ढकलणाऱ्या) हवा काढा आणि मगच सेल्फ मारा. इंजिन चालू झाल्यावर जोडांजवळून पुठ्ठा फिरवून गळती बघा, हात फिरवू नका. ऑइलमध्ये डिझेल गेलं होतं तर सेल्फ मारण्याआधीच ऑइल आणि त्याचा फिल्टर बदला, आणि पुढचे काही दिवस रोज सकाळी पट्टी काढून पातळी बघा.