तळहातावरचे डाग: सिफिलिसचा दुसरा टप्पा कसा ओळखावा

इंदूरच्या उन्हाळ्यात अंगावर पुरळ उठले की ते घामोळे आहे असे समजून पावडर लावण्याची आपल्या घरांतील रीत आहे. परंतु पुरळाला खाज नसेल आणि ते तळहात व तळपायांवरही असेल, तर पावडरीचा डबा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

सिफिलिस, म्हणजेच उपदंश, हा ट्रेपोनिमा पॅलिडम या जिवाणूमुळे होतो. पहिल्या टप्प्यात जननेंद्रियावर, गुदद्वारापाशी किंवा तोंडात एक न दुखणारा व्रण येतो आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरतो. तो न दुखल्यामुळे अनेकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, लक्षातही येत नाही. त्यानंतर साधारणपणे काही आठवड्यांनी जिवाणू रक्तावाटे शरीरभर पसरल्याची लक्षणे दिसू लागतात, तोच दुसरा टप्पा होय.

वर सांगितलेले तळहात-तळपायांवरचे पुरळ हे याच टप्प्याचे लक्षण. त्वचेची तपासणी चांगल्या उजेडात करावी. गोऱ्या त्वचेवर हे डाग तांबूस दिसतात, सावळ्या त्वचेवर मात्र ते तपकिरी किंवा काळपट असल्याने सहज नजरेतून सुटतात. लग्नसराईत हातांवर मेंदी असेल तर तळपाय पाहावेत, आणि तेथेही मेंदी असेल तर पाठ व छाती. सोबत बारीक ताप, घसादुखी, थकवा, काखेत, मानेत वा जांघेत न दुखणाऱ्या गाठी, ओठांच्या आतील बाजूस पांढुरके चट्टे, जननेंद्रिय वा गुदद्वाराजवळ चपटे ओलसर उंचवटे यांपैकी काहीही असू शकते. काहींचे केस कसर लागलेल्या लोकरीसारखे ठिकठिकाणी विरळ होतात. हे ओलसर उंचवटे आणि तोंडातील चट्टे अत्यंत संसर्गजन्य असतात.

उपचार न घेताही ही लक्षणे काही आठवड्यांत ओसरतात, आणि नेमकी येथेच फसगत होते, कारण जिवाणू शरीरातच राहतो व पुढे मेंदू, डोळे, हृदय यांना इजा करू शकतो. डोकेदुखीबरोबर दृष्टी अंधुक झाली किंवा ऐकू कमी येऊ लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

महाराजा यशवंतराव रुग्णालयासारख्या शासकीय रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात संकोच न करता जावे. तेथे व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही रक्तचाचणी होते आणि टीपीएचए चाचणीने निदान पक्के केले जाते. या टप्प्यात रक्तात प्रतिपिंडे (जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने) फार असल्यामुळे व्हीडीआरएल किंवा आरपीआर चाचणी क्वचित खोटी नकारात्मक येते, म्हणजे रोग असूनही दिसत नाही. लक्षणे ठळक असतील तर रक्ताचा नमुना पातळ करून पुन्हा तपासण्याची विनंती डॉक्टरांना जरूर करावी. एचआयव्हीची चाचणीही त्याच वेळी करून घ्यावी.

नेहमीचा उपचार म्हणजे बेन्झाथीन पेनिसिलीनचे 24 लाख युनिट, स्नायूत, एकदाच. इंजेक्शननंतर चोवीस तासांत हुडहुडी भरून ताप येऊ शकतो. बहुधा ती मरणाऱ्या जिवाणूंमुळे उठलेली प्रतिक्रिया असते, पेनिसिलीनची ॲलर्जी नव्हे. मात्र अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला, तर तत्काळ डॉक्टरांना दाखवावे. पेनिसिलीन चालत नसल्यास डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात. गर्भवतीला मात्र ते चालत नाही. जोडीदाराची तपासणी व उपचार सोबतच व्हावेत, आणि सहा व बारा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासून व्हीडीआरएल किंवा आरपीआर चाचणीतील प्रतिपिंडांचे प्रमाण किमान चौपट उतरले आहे का, म्हणजे पूर्वीच्या एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी झाले आहे का, हे पाहावे.